ट्रॉली निघण्यापूर्वीचे दोन दिवस



दसरा झाला की आपल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी आणि शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं पाथर्डी, सगळीकडे एकच चित्र. पारावर म्हातारी माणसं उरतात आणि रस्त्याला ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या लागतात. ट्रॉलीत बांबू, ताडपत्री, पिंप, चूल, पीठ-मिठाचं गाठोडं, दोन शेळ्या, कोंबड्यांचं खुराडं आणि त्या सगळ्याच्या वर माणसं.

मागच्या हंगामात अशीच एक टोळी निघताना मी गावच्या फाट्यावर उभा होतो. मुकादमाच्या हातात यादी होती. कोयते मोजले, उचलीचे आकडे तपासले, डिझेल पाहिलं. मी सहज विचारलं, "मुकादम, गोधड्या किती आहेत?" मुकादम म्हणाले, "साहेब, कोयते मोजायचे. गोधड्या कशाला मोजता?" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर ते बोलणं डोक्यातून जाईना. कारण सातवीपर्यंत मी स्वतः कोपीत राहिलेला माणूस आहे.

ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकतोय असं कुणी समजू नये, म्हणून घरचीच गोष्ट सांगतो. एका साली वडिलांनी थंडी लागू नये म्हणून कोपीला चारही बाजूंनी प्लास्टिक घट्ट बांधलं होतं. पहाटे आतून पाणी टपटपायचं आणि आमची अंथरुणं ओली व्हायची. दव आत येतंय असं आम्हाला वाटायचं. पण ते दव नव्हतं, आमच्याच श्वासाची वाफ होती. पुढं धाकट्या बहिणीच्या छातीत कफ झाला. आठ दिवस दवाखाना झाला. आई दवाखान्यात म्हणून कोयता मोडला, खाडा लागला आणि त्या साली उचल फिटली नाही, उलट वाढली. बहीण वाचली. पण ते वर्ष आम्ही पुढची दोन वर्षं फेडत होतो.

माझं काम बियाणं, खत, कीड, पाणी सांगण्याचं. मग ट्रॉली आणि कोपीचा विषय मी का काढावा? कारण दोन-तीन एकर कोरडवाहू असलेला आणि खरीप निघाला की कोयता घेणारा शेतकरी हाच माझा शेतकरी आहे. पाच-सहा महिने ट्रॉली आणि ताडपत्री हेच त्याचं घर असतं. घर बांधताना आपण चार जणांना विचारतो. या घराला मात्र निघायच्या आदल्या रात्री दोऱ्या बांधतो. हे बदलायला हवं. त्याला फार पैसा लागत नाही, दोन दिवस लागतात.

हिशोब आधी पाहू

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. दिवसाला दोन टन तोडणाऱ्या जोडीचे त्या दराने सातशे-साडेसातशे रुपये होतात. लेकरू आजारी पडून चार दिवस कोयता थांबला तर जवळजवळ तीन हजार गेले. खाडा वेगळा, दवाखाना वेगळा. चांगल्या जाडीची ताडपत्री दोन दिवसांच्या मजुरीत येते. तेव्हा थंडीचा बंदोबस्त हे लाड नव्हेत. बियाण्याला प्रक्रिया करतो तसाच हा खर्च आहे, आधी केला तर वाचवतो.

ट्रॉली कशी बघावी?

पहिली गोष्ट रोखठोक सांगतो. ट्रॉली हे मालाचं वाहन आहे. माणसं बसवून नेण्याची तिला परवानगी नसते आणि अपघात झाला तर विम्याचं भांडण इथूनच सुरू होतं. म्हणून सामान ट्रॉलीत आणि माणसं एसटीत, हा सगळ्यांत चांगला मार्ग. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. सगळी टोळी जाऊ शकत नसेल तर निदान गरोदर बाई, ओली बाळंतीण, तान्ही लेकरं आणि म्हातारी माणसं तरी बसने पाठवा. हा खर्च मुकादमाने किंवा कारखान्याने उचलावा. निघण्याआधीच तसं ठरवून घ्या.

तरीही पुष्कळ माणसं ट्रॉलीतच बसणार, हे मला माहीत आहे. म्हणून ट्रॉली कशी पाहायची ते सांगतो.

दोन चाकांच्या ट्रॉलीचा तोल आसावर असतो. सगळं वजन मागे गेलं तर पुढची दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडतात. फार पुढे गेलं तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टेअरिंग ऐकत नाही. जड सामान तळाला, आसाच्या किंचित पुढे ठेवा. चार चाकांची ट्रॉली सोडून ठेवली तरी स्थिर राहते. दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडली की पुढे भक्कम टेकण आणि चाकाला दगड लावल्याशिवाय तिच्यात कुणीही झोपू नये. पहाटे सगळे एकदम मागच्या बाजूने उतरायला गेले की ती उलटते.

निघायच्या आधी उजेडात या गोष्टी हाताने तपासा: दांडीच्या वेल्डिंगला चीर आहे का? जोडणीची पिन झिजली आहे का आणि ती वर उडू नये म्हणून खाली क्लिप आहे का? पिन तुटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून साखळी आहे का? टायरच्या बाजू फुगल्या आहेत का? चाकाच्या बेअरिंगला ग्रीस आहे का? फाळक्यांच्या कड्या नीट बसतात का? तळाच्या पत्र्याला भोकं आहेत का? भोकातून खालची धूळ आणि गार वारा थेट झोपलेल्या लेकराच्या पाठीला लागतो.

आणि रिफ्लेक्टर. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी चमकणारी पट्टी लावायची असा नियमच आहे. रात्री बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या तुम्ही दर हंगामात वाचता. पट्टीला काही फार पैसे पडत नाहीत. चिखलाने झाकली असेल तर फडक्याने पुसा. तेवढ्यानंही कुणाचा तरी जीव वाचेल.

रात्रीचा प्रवास

आपल्याकडून सांगली-कोल्हापूरचा पट्टा तीनशे किलोमीटरच्या आसपास. ताशी वीस-पंचवीसच्या चालीने बारा-पंधरा तास लागतात. रात्री हवा गार असते आणि चालत्या ट्रॉलीत वारा सतत अंगाला लागतो. वाऱ्यात थंडी दुप्पट वाटते, कारण अंगाभोवतीची ऊब वारा उडवून नेतो. म्हणून नुसत्या गोधड्या अंगावर घेऊन भागत नाही. पुढच्या फाळक्याला आतून पोती किंवा ताडपत्री बांधून वारा अडवा. लेकरं मधोमध बसवा, कडेला नको. कान आणि डोकं झाकलेलं हवं. पायाखाली पाचटाची किंवा कडब्याची जाड थप्पी घाला.

ट्रॉली वरून पूर्ण बंद करू नका. पुढे ट्रॅक्टरचा सायलेन्सर असतो, त्याचा धूर आत कोंडतो. आत शेगडी, पेटती चूल, बिडी आणि डिझेलचा कॅन यांतलं काहीही नको. दर दोन-अडीच तासांनी थांबा, चहा घ्या आणि ड्रायव्हरला तोंड धुवायला लावा. टेपचा आवाज इतका मोठा नको की मागून लेकरू ओरडलं तर ड्रायव्हरला ऐकू येऊ नये. जमलं तर सगळा प्रवासच दिवसा करा. एक दिवस जास्त गेला तरी चालेल.

तळ कुठे टाकायचा?

पोहोचल्यावर ज्याला जिथं जागा मिळेल तिथं तो कोपी ठोकतो. पाणी जवळ पडतं म्हणून ओढ्याकाठी, कालव्याच्या कडेला, खोलगटात. इथंच पहिली चूक होते. रब्बी करणाऱ्याला हे सांगायला नको. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता सोडून देते, तिच्यालगतची हवा गार होते आणि गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उतारानं खोलगटात जाऊन साचते. बागेतल्या खोलगट तुकड्यालाच कडाका जास्त लागतो, तो याच कारणाने. निफाडकडं तर कडाक्याच्या थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो. चार पावलं चढावर, मुरमाड, कोरडी जागा मागून घ्या. पाणी थोडं लांब पडलं तरी चालेल.

कोपीचं तोंड दक्षिणेला ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, ऊन आत येतं, अंथरूण वाळतं. उत्तरेच्या आणि पूर्वेच्या बाजूला तुराट्यांचा, पऱ्हाट्यांचा किंवा वाढ्यांचा कूड घाला म्हणजे वारा अडेल. पण वारा अडतो म्हणून उभ्या उसाला चिकटून कोपी टाकू नका. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, निफाड या भागांत उसात बिबट्या राहतो. तळाभोवती मोकळी जागा आणि एक दिवा हवाच. लेकराला उघड्यावर एकटं झोपवू नका, रात्री परसाकडं एकट्यानं जाऊ देऊ नका.

कोपी

ताडपत्री घेताना स्वस्त-पातळ घेऊ नका. हातात धरून सूर्याकडे पाहा. उजेड चाळणीसारखा दिसला तर ती दोन महिन्यांत फाटणार. साधारण दोनशे जीएसएमची, कडेला धातूच्या कड्या असलेली घ्या. फाटलेल्या जुन्या ताडपत्र्या टाकून देऊ नका, त्या जमिनीवर अंथरायला कामी येतात.

ऊब कापडात नसते, कापडांच्या मधल्या थांबलेल्या हवेत असते. म्हणून एक जाड थर घालण्यापेक्षा दोन थर घाला. बाहेर ताडपत्री आणि आतून जुन्या लुगड्यांचा किंवा गोणपाटाचा पडदा, मध्ये वीतभर पोकळी. आतली वाफ ताडपत्रीला लागून गार होते आणि बाहेरच ओघळते, अंगावर पडत नाही. वर, दाराच्या समोरच्या बाजूला, हातभर फट कायम उघडी ठेवा. "साहेब, फट ठेवली तर थंडी येईल की," असं बायका म्हणतात. थोडी येते, खरं आहे. पण ओलं अंथरूण त्यापेक्षा वाईट, हे मी अनुभवून सांगतो.

कोपीभोवती वीतभर खोल चर खणा. अवकाळी पाऊस सांगून येत नाही. दोन कोप्यांमध्ये निदान दहा-बारा पावलं अंतर ठेवा. पाचटाला आग लागली तर ती एका कोपीवर थांबत नाही.

अंथरूण आधी, पांघरूण नंतर

लोक पांघरुणाची काळजी करतात. पण झोपलेल्या माणसाची बरीच ऊब जमीनच ओढून घेते. अंगाखाली दबलेली गोधडी चपटी होते, तिच्यात हवा राहत नाही. म्हणून आधी जुनी ताडपत्री, म्हणजे जमिनीची ओल वर येणार नाही. तिच्यावर वाळलेलं पाचट भरलेली पोती, वीतभर जाड. मग घोंगडी किंवा गोधडी. पाचट आधी आणि प्लास्टिक वर असं उलटं केलंत तर पाचट ओल धरून कुजेल आणि उंदीर-किडा येईल. दर पंधरा दिवसांनी पोती रिकामी करून नवं पाचट भरा, जमेल तेव्हा उन्हात टाका.

विटांवर बांबूचा माचा केला तर उत्तमच, साप-विंचवापासूनही बचाव होतो. पण बाजेवर किंवा माचावर झोपलात तरी खाली पाचटाची पोती हवीतच. खालून वारा फिरतो, नुसत्या बाजेवर जमिनीपेक्षाही जास्त गारठता.

पाचट फुकट मिळतं, पण ते त्या शेतकऱ्याचं खत आहे. उसाच्या हेक्टरी क्षेत्रातून आठ-दहा टन पाचट निघतं. ते जाळू नका म्हणून आम्ही दरवर्षी सांगतो. त्यातलं चार पोती पाचट मागितलं तर कोणताही बागायतदार नाही म्हणणार नाही.

शेकोटी बाहेर, झोप आत

हे मोठ्या अक्षरांत वाचा. बंद कोपीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात विस्तव ठेवून झोपू नका. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. माणूस झोपेतच जातो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असा समज करून घेऊ नका. चूल बाहेर कुडाच्या आडोशाला. झोपण्यापूर्वी शेका आणि विस्तवावर माती टाका. ऊब हवीच असेल तर गरम पाण्याची बाटली घट्ट बूच लावून, फडक्यात गुंडाळून पायथ्याशी ठेवा.

पहाटे चार-पाचला फडात गेलं की दवानं ऊस भिजलेला असतो. तासाभरात कपडे चिंब. अंगावरच्या ओल्या कापडातून ऊब भराभर जाते. ट्रॅक्टर भरेपर्यंत बायका त्याच कपड्यांत राहतात. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत फडात न्या. लेकराला फडाच्या कडेला नुसत्या झोळीत टाकू नका, टोपी-मोजे घाला आणि झोळीखालून पोतं लावा. तान्ह्या बाळाला सगळ्यांत चांगली ऊब आईच्या अंगाची. बाळाचं पोट गार लागलं, ते दूध ओढेना, धाप लागली, तर संध्याकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, गाडीला पैसे पडत नाहीत.

बैल विसरू नका. टायरगाडीचा बैल रात्री उघड्यावर असतो. गोणपाटाची झूल आणि पायाखाली पाचट एवढं तरी त्याला द्या. तो आजारी पडला तरीही कोयता मोडतोच.

गावाने काय करायचं?

आता गावकारभाऱ्यांशी बोलतो. दोन प्रकारची गावं आहेत, पाठवणारी आणि बोलावणारी.

पाठवणाऱ्या गावांत ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याचं काम ग्रामसेवकांकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, २०२१ च्या शासन निर्णयाने आलं आहे. ही नोंद ट्रॉली गेल्यावर करून उपयोग नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला तो प्रकार होईल. दसऱ्याआधी एक दिवस चावडीवर बसा. त्याच दिवशी शाळेच्या गुरुजींनी हंगामी वसतिगृहाची यादी करावी. थंडीपासून लेकराला वाचवायचा सगळ्यांत पक्का उपाय म्हणजे ते लेकरू कोपीत न जाता गावात, शाळेत राहणं. जी लहान लेकरं जाणारच, त्यांचं लसीकरणाचं कार्ड आणि आईचं अंगणवाडीचं कार्ड सोबत द्या. रेशनकार्डावर धान्य आता दुसऱ्या जिल्ह्यातही उचलता येतं, हेही सांगा.

बोलावणाऱ्या गावांतले बागायतदार आपले पाहुणे-रावळेच आहेत, त्यांना हात जोडून विनंती. तुमच्या उसाला वेळेवर तोड मिळावी म्हणून तुम्ही चकरा मारता. तोडणारा माणूस तुमच्या बांधावर राहतो. त्याला खोलगटातली, दलदलीची जागा दाखवू नका. चढावरचे चार गुंठे, एक नळ आणि एक दिवा द्या. ग्रामपंचायतीने दोन तात्पुरती स्वच्छतागृहं उभी केली तर बायाबापड्यांची रात्रीची अंधारातली फेरी वाचेल. कारखान्यांचे शेतकी अधिकारी टोळी उतरवतानाच तळाची जागा ठरवू शकतात. ट्रॅक्टरचा नंबर लिहितात, तशी कोप्यांची संख्याही लिहावी.

कुणी म्हणेल, वर्षानुवर्षं लोक असेच गेले आणि आले, एवढं काय त्यात? गेले खरे. पण जे आले नाहीत त्यांचा हिशोब कोणत्या वहीत नाही, म्हणून तो दिसत नाही. आमच्या तळावरून त्या साली एक पाळणा रिकामा परत आला. तो शेजारच्या कोपीतला होता.

येत्या हंगामात ट्रॉली भरण्याआधी दोन दिवस काढा. एक दिवस ट्रॉलीसाठी, एक दिवस ताडपत्री-अंथरुणासाठी. आणि मुकादम, तुमच्या यादीत कोयत्यांच्या आकड्याशेजारी एक रकाना वाढवा, गोधड्यांचा. या खेपेला मी विचारलं तर हसू नका, आकडा सांगा.